समृद्धीने नागपूर: गाडीतल्या नकाशाचं ‘लाइफटाइम अपडेट’ घ्यावं का?

ठाण्याहून नागपूरला आम्ही दोन गाड्यांनी गेलो. दादाच्या गाडीत कंपनीने बसवलेलं नेव्हिगेशन आहे. गाडी २०२१ची, नकाशाही तेव्हाचाच. आमच्याकडे काचेला चिकटवायचं वेगळं उपकरण आहे. त्याच्यासोबत लाइफटाइम नकाशे, म्हणजे पुन्हा पैसे न भरता ताजे करता येणारे नकाशे, मिळाले होते आणि निघायच्या आठवड्यातच ते ताजे करून घेतले होते. फोन अर्थात दोन्हीकडे होते. दादाला सर्व्हिस सेंटरवाले लाइफटाइम अपडेट घ्या म्हणून मागे लागले होते, आणि पैसे भरण्याआधी त्याला खरोखर फरक बघायचा होता. त्यासाठी समृद्धी महामार्गासारखी दुसरी जागा नाही. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता तुकड्यातुकड्याने खुला झालाय, त्यामुळे कुठल्या नकाशाला तो कुठपर्यंत माहीत आहे हे लगेच कळतं.

नकाशाचं वय ओळखायला हा रस्ता फार उपयोगी आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला. मे २०२३मध्ये तो भरवीरपर्यंत आला, मार्च २०२४मध्ये इगतपुरीपर्यंत आणि ५ जून २०२५ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडला. घरी उभ्या गाडीतच स्क्रीनवर आमणे शोधा आणि तिथून इगतपुरीकडे जाणारी महामार्गाची जाड रेघ दिसते का बघा. रेघ शिर्डीलाच संपत असेल तर नकाशा २०२३च्या मध्याच्या आधीचा धरायला हरकत नाही. ‘लेटेस्ट आहे’ या तोंडी आश्वासनापेक्षा ही खूण भरवशाची. अपडेट कधी टाकलं ती तारीख आणि नकाशा कधीचा ती तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथे ध्यानात येतं. रस्ता उघडला की दुसऱ्या दिवशी नकाशात येत नाही. सर्वेक्षण होतं, आवृत्ती निघते, मग ती आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी तयार होते. यात महिने जातात.

भिवंडी सोडून आमण्याला महामार्गावर चढलो आणि दादाच्या स्क्रीनवर गाडीचा बाण मोकळ्या रानातून चालायला लागला. खाली रस्ताच नाही. यंत्र जवळ सापडेल त्या गावरस्त्यावर बाण नेऊन चिकटवायचं, दोन मिनिटांनी दुसऱ्या रस्त्यावर, आणि प्रत्येक वेळी सूचना एकच: शक्य होईल तिथे मागे वळा. १२० किलोमीटर वेगाची परवानगी असलेल्या रस्त्यावर हे कानाशी चालू असणं चांगलं नाही. वहिनीने आवाज बंद केला. जुना नकाशा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने आमण्यालाच तो बंद करावा.

खरी गंमत कसारा घाटाखालच्या बोगद्यात झाली. जवळजवळ ८ किलोमीटरचा हा बोगदा. आत उपग्रहाचा सिग्नल नाही. गाडीत बसवलेलं नेव्हिगेशन अशा वेळी चाकांच्या फिरण्यावरून आणि गाडी किती वळली त्यावरून अंदाज बांधत राहतं, आणि यंत्र म्हणून ही त्याची सगळ्यात मोठी ताकद. पण नकाशात बोगदाच नाही म्हटल्यावर तो अंदाज जुन्या नाशिक रस्त्याकडे ओढला गेला आणि पडद्यावर गाडी चक्क घाटात वळणं घेत होती! आमच्या उपकरणाला चाकांची माहिती मिळत नाही. ते आधीच्या वेगाने थोडा वेळ बाण पुढे सरकवत राहिलं, मग थांबलं, आणि बाहेर उजेडात आल्यावर लगेच जागेवर आलं. त्याच्या नकाशात रस्ता होता म्हणून. उत्तम यंत्र आणि जुना नकाशा यापेक्षा साधं यंत्र आणि ताजा नकाशा नक्कीच बरा, याची मला तिथे खात्री पटली.

पण सिंदखेडराजाला आम्ही उतरलो आणि चित्र पालटलं. लखुजी जाधवांचा राजवाडा, म्हणजेच जिजाऊंचं जन्मस्थान, निवांत पाहिलं. (महामार्गाची घाई सोडून इथे अवश्य उतरा, फाट्यापासून फार आत नाही.) पुढे जुन्या नागपूर रस्त्याने दुसरबीड, बीबी, सुलतानपूर आणि तिथून वळून लोणार. या पट्ट्यात दादाचा २०२१चा नकाशा अचूक होता, अगदी वस्तीतल्या बोळासकट. गावांचे रस्ते तसे जागा सोडत नाहीत. लोणारला विवराच्या काठावरून खाली कमळजा देवीच्या बाजूला गेलो तेव्हा माझ्या फोनची रेंज गेली आणि परतीचा रस्ता दोन्ही उपकरणांनी सारखाच दाखवला. म्हणजे अपडेटचा फायदा सगळीकडे सारखा नाही. नवा रस्ता, नवा पूल, नवा फाटा असेल तिथे तो प्रचंड आहे. बाकी ठिकाणी जवळजवळ शून्य.

म्हणूनच माझं मत असं झालंय की वर्षाला चार अपडेट मिळतात की दोन याला फारसं महत्त्व नाही. आपल्या नेहमीच्या वाटेवर मोठा बदल झाल्यानंतरचं एक अपडेट मिळालं की काम झालं. दादाला मी तेच सांगितलं: शेवटचा टप्पा असलेली आवृत्ती आली की एकदा पैसे भर, लाइफटाइम नको. एकवेळच्या अपडेटच्या दुपटीपेक्षा कमी किमतीत मिळत असेल आणि गाडी अजून सहा-सात वर्षं ठेवायची असेल, तरच लाइफटाइमचा विचार करावा. नव्या गाडीसोबत पहिली काही वर्षं अपडेट फुकट असतील तर ती मुदत संपायच्या आधी शेवटचं अपडेट न चुकता करून घ्या. कित्येक जण ते तसंच सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता ‘लाइफटाइम’ म्हणजे कुणाचं आयुष्य? आपलं नव्हे, उपकरणाचं. अशी उपकरणं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीची अट उघड लिहिलेली आहे: उपकरणाचं उपयुक्त आयुष्य किंवा त्यांना नकाशा पुरवणाऱ्याकडून माहिती मिळत राहील तो काळ, यातलं जे कमी असेल ते. नव्या नकाशाला मेमरी पुरेना झाली की आयुष्य संपलं. सलग २४ महिने एकही अपडेट उतरवलं नाही तरी संपलं! त्यांच्या जुन्या नुवी मालिकेत नावापुढे ‘एलएम’ असेल तर लाइफटाइम नकाशे, ‘एलएमटी’ असेल तर ट्रॅफिकची माहितीही. पण हा हक्क दुसऱ्या माणसाच्या किंवा दुसऱ्या उपकरणाच्या नावावर होत नाही. त्यामुळे जुनं उपकरण विकत घेताना विकणारा ‘लाइफटाइम आहे’ म्हणाला तरी त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी ते संगणकाला जोडावं. जुन्या उपकरणाची आतली जागा भरली असेल तर मायक्रोएसडी कार्ड लागतं, ते आधीच आणून ठेवा.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मॅपमायइंडिया या कंपनीचे नकाशे असतात, पण अपडेट मिळतं ते गाडीच्या कंपनीमार्फत आणि तिच्याच वेळापत्रकाने. काही गाड्यांत पेनड्राइव्हने स्वतः करता येतं, काहींत सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं. फाइल काही जीबींची असते आणि चढायला बराच वेळ लागतो, मध्ये इंजिन बंद झालं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागू शकतं. त्याआधी जतन केलेली ठिकाणं लिहून घ्या, अपडेटमध्ये ती उडू शकतात. सर्व्हिस सेंटरमध्ये बिल भरण्यापूर्वी पडद्यावर आमणे–इगतपुरी रेघ दाखवायला सांगा. दादाच्या ओळखीच्या एकाला ‘यंदाचा’ म्हणून दिलेल्या नकाशात ती नव्हती.

ठिकाण शोधताना नावांचाही घोळ होतो. जुना नकाशा छत्रपती संभाजीनगर किंवा अहिल्यानगर शोधून देणार नाही, तिथे औरंगाबाद, अहमदनगरच टाकावं लागतं. सिंदखेडराजा काही ठिकाणी जोडून सापडतं, काही ठिकाणी तोडून. आम्ही थांबायच्या जागा घरूनच पडद्यावर बोट ठेवून जतन केल्या होत्या, रस्त्यात टाइप करत बसावं लागलं नाही.

समृद्धीवर उतरायचा फाटा चुकला तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊनच परत यावं लागतं आणि टोल अंतरावर असल्यामुळे तोही वाढतो. म्हणून उतरायच्या फाट्याचं नाव शेजारी बसलेल्याने कागदावर लिहून घ्यावं, नकाशा कितीही ताजा असो. डिझेल-पेट्रोल चढण्यापूर्वी भरा, टायरची हवा गार टायरवर तपासा.

आणि फोनवर अवलंबून असाल तर पूर्ण वाटेचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. तो फुकट आहे आणि रेंज नसताना रस्ता दाखवतो, फक्त ट्रॅफिक दाखवत नाही. उतरवलेला नकाशाही काही काळाने बाद होतो, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री वायफायवर तो एकदा ताजा करा आणि भिवंडीची गर्दी लागायच्या आत, पहाटेच घर सोडा.