जॉक स्टाइन आणि राखीव संघाची तीन वर्षे

२५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये झालेल्या युरोपियन कपच्या (युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्याचे चित्रण मी वर्षातून एकदा तरी पाहतो आणि दर वेळी ६३व्या मिनिटापाशी थांबतो. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा उजवा फुल-बॅक (कडेचा बचावपटू) जिम क्रेग इंटर मिलानच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत येतो, क्षणभर घुटमळतो आणि चेंडू हलकेच आडवा सारतो. मागून धावत आलेला टॉमी गेमेल असा फटका लगावतो की तोवर सगळे अडवत आलेला गोलरक्षक सार्ती नुसता झेपावतो. गेमेल होता डावा फुल-बॅक. एक फुल-बॅक पुढे गेला की दुसऱ्याने मागे थांबायचे, ही व्यवस्थापक जॉक स्टाइनची ताकीद त्याने सरळ धाब्यावर बसवली होती. आणि ज्या क्रेगच्या धसमुसळेपणामुळे सुरुवातीलाच इंटरला पेनल्टी मिळाली होती, त्यानेच हा गोल रचला, हेही गमतीचेच.

खेळाडूंना वेळप्रसंगी स्वतःच्या डोक्याने खेळू देणारा हा माणूस घडला कसा, याचे उत्तर मला त्याच्या करंडकांत नव्हे, तर कोणी फारशी दखल न घेतलेल्या १९५७ ते १९६० या तीन वर्षांत सापडते.

५ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडच्या लॅनर्कशायरमधील बर्नबँक येथे जन्मलेला स्टाइन कोवळ्या वयातच कोळशाच्या खाणीत उतरला. पुढे कित्येक वर्षे तो आठवडाभर खाणीत राबून सुटीच्या दिवशी अल्बियन रोव्हर्सकडून बचावफळीत खेळत असे. १९५० मध्ये तो वेल्समधील लानेली संघाकडे गेला, म्हणजे फुटबॉलच्या मुख्य प्रवाहातून जवळपास बाहेरच पडला. डिसेंबर १९५१ मध्ये सेल्टिकने १,२०० पौंड मोजून त्याला स्कॉटलंडला परत आणले तेही राखीव संघातल्या पोरांना एक जाणता सोबती असावा म्हणून! पण मुख्य संघातील बचावपटू एकामागून एक जायबंदी झाले, स्टाइनची वर्णी लागली, आणि १९५३-५४ मध्ये लीग व स्कॉटिश कप असे दोन्ही मान मिळवणाऱ्या सेल्टिकचा तो कर्णधार होता. १९५५ मध्ये रेंजर्सविरुद्ध त्याचा घोटा दुखावला तो कायमचाच. दोन वर्षांच्या आत खेळणे थांबले. चालण्यातला लंगडेपणा मात्र जन्मभर राहिला.

सेल्टिकने त्याच्याकडे राखीव संघ सोपवला. त्या काळी सराव म्हणजे बहुतांशी मैदानाभोवतीच्या फेऱ्या. चेंडूची गाठ सामन्याच्या दिवशीच. स्टाइनने सराव चेंडूभोवती बांधला आणि विशी न ओलांडलेल्या पोरांशी डावपेचांवर बोलणे सुरू केले. त्या पोरांत बिली मॅकनील आणि जॉन क्लार्क होते. लिस्बनमध्ये बचावफळीच्या मधोमध उभी असलेली जोडी ती हीच.

पुढचे टप्पे भराभर आले. मार्च १९६० मध्ये त्याने गटांगळ्या खाणाऱ्या डनफर्मलिनची सूत्रे घेतली, पहिले सहा सामने जिंकून संघाला तारले आणि पुढच्याच वर्षी स्कॉटिश कपच्या अंतिम फेरीच्या फेरसामन्यात सेल्टिकलाच २-० असे हरवले. १९६३ मध्ये तो इटलीत जाऊन इंटरचा प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा याचे काम जवळून पाहून आला. हायबर्निअन या क्लबकडे वर्षभरही न थांबता मार्च १९६५ मध्ये तो सेल्टिकचा व्यवस्थापक झाला. आयरिश कॅथलिकांच्या या क्लबचा हा पहिला प्रॉटेस्टंट व्यवस्थापक. तोवर संघ निवडण्यात अध्यक्ष रॉबर्ट केली यांचा शब्द अखेरचा असे; स्टाइनने तो अधिकार स्वतःकडे घेतला, आणि माझ्या मते सेल्टिकचे दिवस खऱ्या अर्थाने तिथेच पालटले.

लिस्बनमध्ये समोर हेरेराचाच इंटर होता, एक गोल करून दार लावून घेणारा. स्टाइनने आपल्या आघाडीपटूंना इकडेतिकडे फिरते ठेवून इटालियन बचावपटूंना जागेवरून हलवले आणि मोकळ्या झालेल्या जागेत मागचे खेळाडू घुसवले. शेवटच्या काही मिनिटांत बॉबी मर्डॉकच्या फटक्याला स्टीव्ह चामर्सने दिशा दिली आणि सेल्टिक २-१ असे जिंकले. अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोपासून तीसेक मैलांच्या आत जन्मलेले! लीगची सलग नऊ विजेतेपदे (१९६६ ते १९७४) आणि १९७० मध्ये फायेनूर्डकडून हरलेला युरोपियन कपचा अंतिम सामना यांवर खूप लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

१९७५ च्या मोटार अपघातात तो मरता मरता वाचला. १९७८ मध्ये सेल्टिकने व्यवस्थापकपद मॅकनीलकडे दिले आणि स्टाइनपुढे लॉटरीचा कारभार पाहण्याचे काम ठेवले. इतके मिळवून देणाऱ्या माणसाला असे काम सुचवणाऱ्यांची मला आजही चीड येते. तो इंग्लंडमधील लीड्स क्लबकडे गेला आणि ४४ दिवसांत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडे आला.

१० सप्टेंबर १९८५, कार्डिफ. विश्वचषकाची आशा टिकवायला वेल्सविरुद्ध बरोबरी पुरेशी होती, पण स्कॉटलंड एका गोलने मागे. त्यातच कॉन्टॅक्ट लेन्स हरवल्यामुळे गोलरक्षक जिम लेटनला मध्यंतरात बदलावे लागले. उत्तरार्धात स्टाइनने गॉर्डन स्ट्रॅकनला बाहेर बोलावून डेव्ही कूपरला उतरवले, आणि सामना संपायला नऊ मिनिटे असताना कूपरनेच पेनल्टीवर बरोबरी साधली. शेवटची शिट्टी होण्याच्या सुमारास स्टाइन कोसळला आणि मैदानातल्याच उपचार कक्षात, वयाच्या ६२व्या वर्षी गेला. त्याचा सहायक ॲलेक्स फर्ग्युसन पुढे हा संघ घेऊन मेक्सिकोला गेला.