ताश्कंदची पाऊसवही : दुसरं वर्ष संपत आलं

आज सकाळी आठला पर्जन्यमापकाचं नरसाळं उचललं, तर आत एक मेलेली गांधीलमाशी आणि बोटाला लागेल एवढी पिवळट धूळ. वहीत लिहिलं, ०.०. सप्टेंबरचा दुसरा आठवडा चालू आहे आणि जून संपल्यापासून या रकान्यात दुसरं काही लिहायची वेळच आलेली नाही. तरी रोज उघडून बघतोच. शून्यसुद्धा मोजूनच लिहायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात : गाव माण तालुक्यातलं, नोकरीमुळे मुक्काम ताश्कंदला. मापक गावाहूनच आणलेला. तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे २० मिलिलिटर पाणी साठलं की १ मिलिमीटर पाऊस. इथे सोव्हिएत काळापासून चालत आलेला त्रेत्याकोव मापक आहे, त्याचंही तोंड नेमकं एवढंच. फक्त त्याच्याभोवती पत्र्याच्या पाकळ्या असतात, वाऱ्याने बर्फ तोंडावरून उडून जाऊ नये म्हणून. माझ्या मापकाला त्या नाहीत, तेव्हा माझे हिवाळ्याचे आकडे हात राखूनच वाचा. आपल्याकडे हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, मी इथे आठला. दोन्हीकडच्या घड्याळांत अर्ध्याच तासाचा फरक असल्याने गावी चुलतभाऊ आणि इथे मी एकाच क्षणी मापक उघडतो.

इथली वर्षाची सरासरी साधारण साडेचारशे मिलिमीटर. आमच्या माणचा पाऊसही याच्याच आसपास. आलो तेव्हा वाटलं, चला, आपलाच दुष्काळी भाग, काही नवं शिकावं लागणार नाही. पण महिन्यांचा तक्ता मांडला आणि सगळं उलटंपालटं निघालं. मार्च सर्वांत ओला, ६५ ते ७० मिलिमीटर. एप्रिल त्याच्या पाठोपाठ. ऑगस्टची सरासरी एक-दोन मिलिमीटर! आपल्याकडे मृग लागतो, तेव्हा इथला पाऊस गाशा गुंडाळत असतो.

पहिल्या वर्षीची चूक त्यातूनच झाली. वही जानेवारी ते डिसेंबर आखली होती. आपल्याकडे ते खपून जातं, कारण पावसाळा वर्षाच्या मधोमध येतो. इथे ओला हंगाम नोव्हेंबरला सुरू होऊन मेपर्यंत चालतो, त्यामुळे एकाच हंगामाचे दोन तुकडे दोन वह्यांत गेले. आता १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं जलवर्ष धरतो. दुसरी दुरुस्ती ‘पावसाच्या दिवसा’ची. आपल्याकडे २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस. इथे ०.८, १.४ असे आकडे इतके येतात की त्या चाळणीतून निम्मा हिवाळा गळून जाईल. म्हणून १ मिलिमीटरचा वेगळा रकाना पाडला.

हा पाऊस येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूने कमी दाबाची क्षेत्रं सरकत येतात आणि शहराच्या ईशान्येला तिएन शानच्या डोंगरांवर चढताना रिकामी होतात. काश्मीरला बर्फ आणि पंजाबच्या गव्हाला पाणी देणारे पश्चिमी झंझावात यांचेच भाऊबंद. उन्हाळ्यात हा प्रवाह उत्तरेला सरकतो, हवा वरून खाली बसते, आकाश धुतल्यासारखं निळं. मोसमी वारे तर हिमालय-पामीर ओलांडून इकडे येतच नाहीत. शेजारच्या ओपा (मोठ्या बहिणीला, वयाने मोठ्या बाईला असं म्हणतात) या काळाला ‘चिल्ला’ म्हणतात : चाळीसेक दिवस, २५ जून ते ५ ऑगस्ट. थंडीचा चिल्ला वेगळा, २५ डिसेंबर ते ५ फेब्रुवारी. आपल्या नक्षत्रांसारखा हिशेब, फक्त यात वाहन कोणतं हे विचारायचं नाही.

या वर्षी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला बर्फाने. मोजपात्र एका रात्री बाहेर विसरलो, तळाशी घोटभर पाणी होतं, सकाळी काच उभी तडकलेली. त्यानंतर थंडीत नरसाळं आणि आतली बाटली काढूनच ठेवतो, बर्फ थेट डब्यात पडू देतो. सकाळी डबा झाकून आत आणायचा, मोजून १०० मिलिलिटर कोमट पाणी ओतायचं आणि सगळं विरघळलं की एकूण मोजायचं. एकदा २६२ भरलं. वजा १०० म्हणजे १६२, भागिले २०, म्हणजे ८.१ मिलिमीटर. बाहेर फळीवर पट्टी लावली तर बर्फ ९ सेंटिमीटर. चुलीवर विरघळवण्याचा मोह होतो, पण वाफ होऊन जे जाईल ते वहीत कुठून आणणार?

एप्रिलचे तीन आकडे मात्र प्रश्नचिन्हासह वाचावेत. अंगणात द्राक्षाचा मांडव आहे. हिवाळ्यात नुसत्या काड्या होत्या म्हणून मापक जवळच रोवला. एप्रिलमध्ये पानं फुटली आणि सर थांबून तासभर झाला तरी डब्यात टपटप चालूच. आता मापक मांडवाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर हलवला आहे.

वार्षिक बेरजेवरून दोन गावांची तुलना करायची माझी सवय इथे मोडली. फेब्रुवारीतले तीस मिलिमीटर थंड मातीत मुरतात, ऊन ते उडवून नेत नाही. डोंगरपायथ्याला त्याच ओलीवर कोरडवाहू गहू येतो, त्याला ‘लाल्मी’ म्हणतात. सखलातला कापूस मात्र भर चिल्ल्यात उभा असतो, त्याला आकाशातून थेंब नाही. त्याचं पाणी डोंगरातलं बर्फ वितळून चिरचिक नदीतून आणि कालव्यांतून येतं. रस्त्याकडेच्या अरिकांतून, म्हणजे पाटांतून, भर जुलैत पाणी खळखळत असतं आणि माझ्या वहीत त्याच दिवशी ०.०.

पुढच्या जलवर्षासाठी पत्र्याच्या पाकळ्या स्वतः कापून बसवायच्या आहेत. कोणी असं वारारोधक कडं बनवलं असेल, तर पाकळ्यांचा कल आणि वरच्या कडेची उंची कशी ठेवली ते कळवा. गांधीलमाश्यांसाठी नरसाळ्यात जाळी बसवावी म्हणतो, पण बारीक सरीचं पाणी जाळीलाच चिकटून राहील, म्हणून हात मागे घेतलाय. नवी वही आणलीय, रकाने आखून झालेत.