दहा ट्रॉली फुकटची माती

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी कशी झाले? पालकसभेला वेळेवर गेले आणि पुढच्या सतरंजीवर बसले, म्हणून. जून 2022 ची गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली आमची वाडी, जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट 54, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत 75 टक्के पालक लागतात, निम्म्या बायका लागतात आणि अध्यक्ष पालकांमधलाच लागतो. आधीच्या समितीतही निम्म्या बायका होत्या, पण वहीत. प्रोसिडिंगची वही घरी यायची, भाकरी थापता थापता हात पुसून सही करायची, की वही पुढच्या घरी. मी मुख्याध्यापक मॅडमना एवढंच म्हटलं, "सहीला मी शाळेत येत जाईन, वाचून करीन." त्या हसल्या. मला वाटलं, वैतागल्या. नंतर कळलं, त्यांना बरं वाटलं होतं.

पहिला बदल वेळेचा. बैठक अकराला ठेवली की खुरपणीला जाणाऱ्या तिघींचा रोज बुडायचा. या कामाला मानधन नाही, चहासुद्धा मॅडमच्या पैशाचा. मग बैठक संध्याकाळी सातला, मारुतीच्या देवळात. तिथे आधी दोन बैठका नुसतं कमानीवर भांडण झालं. शाळेला कमान पाहिजे, तिच्यावर कुणाच्या वडलांचं नाव पाहिजे, वगैरे. आमच्याकडे कुणी शाळेला पंखा दिला तरी पात्यावर नाव असतं, तो फिरायला लागल्यावर वाचणार कोण देव जाणे.

खरी अडचण मैदानाची होती. शाळेपुढे पाचएक गुंठे मोकळी जागा. आमच्याकडे पाऊस कमी, पण पडतो तेव्हा एका दमात पडतो, आणि ते सगळं पाणी सरळ वरांड्याकडे. आठ-आठ दिवस परिपाठ वर्गात, खेळाचा तास वर्गात. वर उघड्या बाजूंनी शेळ्या-म्हशी. शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो, तो आम्ही पहिल्यांदाच खरोखर बसून केला. एक नंबरला मैदान लिहिलं. कमान सात नंबरला गेली, दोन जण रुसले.

पैशाचं सांगते. आमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 25,000. त्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. तेही एकदम येत नाही, आणि आता खातं शून्य शिल्लकीचं, म्हणजे पैसे दिसत नाहीत, खर्चाची मर्यादा दिसते. यातून मैदान होत नसतं. राहिला लोकसहभाग.

आणि इथेच आम्ही शेण खाल्लं. एका सदस्याच्या शेतात खोदकाम चाललं होतं. ते म्हणाले, दहा ट्रॉली माती देतो, आणून टाकतो, एक रुपया नको. आभाराचा ठराव मीच मांडला. एप्रिलमध्ये सगळ्यांनी मिळून माती पसरली, फावडी हातात घेऊन फोटो काढले. माती काळी होती, भरघोस, हात लावावासा वाटेल अशी. आम्ही सगळे शेतकरी घरातले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की जी माती कापसाला चांगली ती पोरांच्या पायाखाली काय करील. पहिल्याच पावसात लगदा. पोरं चपला हातात घेऊन वर्गात, अन् पायाला किलोकिलोचे गोळे. मग उघडीप पडली आणि जमीन फाटली. दुसरीतल्या एका मुलीचा पाय घोट्यापर्यंत भेगेत अडकला. हाड मोडलं नाही, पण तिची आई शाळेत येऊन जे बोलली ते मी मान खाली घालून ऐकलं. ठरावावर सही माझीच होती, वाचून केलेली.

ती माती काढायला जेसीबीचे तीन तास लागले, वर्गणी काढून. माती परत त्याच सदस्याच्या बांधावर गेली. आभाराचा ठराव वहीत अजून आहे.

त्यानंतर एक पालक, गवंडीकाम करणारे, म्हणाले, "ताई, आधी लेव्हल तर बघा." त्यांनी पारदर्शक नळी आणली, पाण्यानं भरली, बोटानं टिचक्या मारून आतले बुडबुडे काढले. एक टोक वरांड्याच्या खांबाला धरलं, दुसरं फाटकापाशी काठीला. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं, खडूनं खुणा केल्या, माझ्या शिवणकामाच्या टेपनं जमिनीपर्यंत मोजलं. फाटक वरांड्यापुढच्या जमिनीपेक्षा चौदा इंच वर. म्हणजे इतकी वर्षं मैदानच पाणी ओंजळीत धरून शाळेत ओतत होतं. वीस मिनिटांचं काम. हे एप्रिलमध्ये केलं असतं तर?

मग फाटकाकडचं खरवडून खाली ओढलं, पूर्वेच्या कडेनं चारी काढली. भरायला मुरूम पाहिजे, आणि मुरूम हे गौण खनिज. शाळेसाठी असला तरी परवानगी आणि रॉयल्टीशिवाय उचलायचा नाही. "रात्रीतून चार ट्रॉल्या टाकू, कोण बघतंय," असं म्हणणारे होतेच. मी नाही म्हटलं. ग्रामपंचायतीनं तहसीलला अर्ज केला. दोन महिने गेले, पण अठरा ब्रास मुरूम पावतीसकट आला. डिझेलचा खर्च ट्रॅक्टरवाल्यांनी आपापसांत वाटून घेतला. गावच्या रस्त्याचं काम चालू होतं, त्यांचा रोलर एक दुपार मिळाला.

मैदानाच्या कुंपणभिंतीसाठी रोजगार हमीतून प्रस्ताव केला. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. या योजनेत मजुरी 60 आणि साहित्य 40 असा हिशेब जुळावा लागतो, आणि भिंत म्हणजे सगळं सिमेंट-वीट, म्हणून सोबतीला मजुरीची इतर कामं लागतात. हे सगळं जमत आलं आणि कागद अडला कशावर, तर जागेवर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे मिळकतींच्या नोंदवहीत, नोंद फक्त इमारतीची. मैदान कुणाचं? सगळ्या गावाला माहीत होतं, पण कागदावर नव्हतं. मोजणीचा अर्ज केला, तारीख दोनदा पुढे गेली. शेवटी खुणा पडल्या तेव्हा पश्चिमेला शेजारच्या आजींची दावण दीड फूट आत निघाली.

आजी म्हणाल्या, "शाळा माझ्या म्होरं बांधली, आन् आता मलाच मागं सरा म्हणता व्हय?"

मी वाद घातला नाही. त्यांची म्हैस गाभण होती. म्हटलं, विऊ दे, मग बघू. पावसाळा संपल्यावर त्यांनीच नातवाकडून खुंट उपटून घेतले. तोवर त्या बाजूच्या भिंतीचा निधी निघून गेला होता, म्हणून तिथे जाळी आहे, तीन बाजूंना भिंत.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आणलेल्या सहा कडुनिंबांपैकी दोन जगले, बाकीचे भिंत व्हायच्या आधी शेळ्यांनी खाल्ले. हात धुण्याच्या पाण्यावर शेवगा मात्र माजलाय, खिचडीच्या दिवशी आमटीला पुरतो.

जून 2024 ला समितीची दोन वर्षं संपली. नव्या समितीचा पहिला ठराव कमानीचा. माझी सही लागत नव्हती, तरी मॅडमनी वही वाचायला पाठवली. मी निरोप धाडला, कमानीच्या पायाचा खड्डा चारीवर तर येत नाही ना, तेवढं बघा.

येत होता.