आरसीसीबी सारखी पडते, पण गळतंय कुठे?

चिपळूणजवळच्या आमच्या घरात भर पावसाळ्यात आरसीसीबी (करंट गळू लागला की घराची वीज तोडणारा स्विच) पडायला लागली. दिवसभर काही नाही. दिवेलागण झाली की एकदा पडायची आणि मग उचलली की पुन्हा खट्. इस्त्री लावली, पडली. मिक्सर लावला, पडली. आधी इस्त्रीवर आळ आला, मग मिक्सरवर, मग अर्थातच गिझरवर. इस्त्री शेजाऱ्यांकडे नेऊन लावली. त्यांच्याकडेही आरसीसीबी आहे. चांगले दोन सदरे झाले, तरी तिकडे काही नाही.

वायरमन आला. डीबीचं, म्हणजे स्विचांच्या पेटीचं, झाकण उघडून म्हणाला, "काका, ईएलसीबीच गेलीय. नवीन आणेपर्यंत डायरेक्ट करून देतो." आमच्याकडे अजून सगळे आरसीसीबीला ईएलसीबीच म्हणतात. डायरेक्ट करायला, म्हणजे तिला वगळून वीज जोडायला, मी साफ नकार दिला. ओल्या भिंती, आवारातला पंप, अनवाणी फिरणारी माणसं. ही वस्तू बसवायची ती अशाच घरासाठी. नको तेव्हा पडते म्हणून काढून टाकायची, हा उपाय आपल्याकडे फार लवकर सुचतो.

तिचं काम मुनीमजीसारखं. फेजमधून जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. आमची ३० मिलिअँपिअरची आहे, म्हणजे तेवढा फरक आला की तिने तोडलंच पाहिजे. १५ च्या पुढे कुठेही तोडली तरी ते मानकात बसतं. लोड किती आहे याच्याशी तिला घेणंदेणं नाही, ते एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच) बघते.

तिची स्वतःची परीक्षा आधी घेतली. मेन बंद करून तिच्या आउटपुटच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि ऐन संध्याकाळी अंधारात ती चालू ठेवून बसलो. पडली नाही. टेस्ट बटण दाबताच पडली. म्हणजे ती ठणठणीत होती. मग वायरी पुन्हा जोडल्या, घरातल्या सगळ्या एमसीबी खाली केल्या आणि फक्त आरसीसीबी उचलली. थोड्या वेळाने पडली! वायरमन चक्रावला. "सगळंच बंद आहे, मग गळतंय काय?"

खरी गोम इथेच होती. आमच्या डीबीतल्या एमसीबी सिंगल पोल, म्हणजे त्या फक्त फेज तोडतात. सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एका पितळी पट्टीवर एकत्र येतात आणि एमसीबी बंद असली तरी जोडलेलेच राहतात. त्यातला एखादा कुठे अर्थिंगला टेकला, तर एमसीबी वरखाली करून तो कधीच सापडणार नाही. मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये लावला. दुपारी दीड-दोन व्होल्ट, रात्री आठच्या सुमारास पाच-सहा. संध्याकाळी वाडीतला लोड वाढतो तसा न्यूट्रल वर चढतो, आणि तेवढ्यावर गळती मर्यादेबाहेर जाते. इस्त्रीचंही तेच. तिचा करंट न्यूट्रलने परतताना थोडा अर्थिंगच्या वाटेने जायचा. इस्त्रीत दोष नव्हता, तिचा करंट मोठा होता एवढंच.

आता काम सरळ होतं. मेन बंद, टेस्टरने खात्री, सगळ्या पिना सॉकेटबाहेर. पट्टीवरचा एकेक न्यूट्रल सोडवून त्यावर चिकटपट्टीने नाव लिहिलं, कारण आधी कोणीच लिहिलं नव्हतं. (मीटरकडून येणारी बाजू मेन बंद केली तरी जिवंतच असते. हे काम वायरमननेच करावं.) त्याने उस्तादाकडून हँडल फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (वायरवरचं आवरण गळतंय का ते तपासायचं यंत्र) आणला होता. प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये तो फिरवला. स्वयंपाकघर, खोल्या: काटा थेट अनंताकडे, म्हणजे गळती नाही. गिझर: तीन मेगओहमच्या आसपास, म्हणजे कॉइल थोडी दमट, पण त्यातून जाणारा करंट मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी. बाहेरच्या दिव्यांची लाईन: काटा शून्यावरून हललाच नाही, म्हणजे न्यूट्रल थेट अर्थिंगला टेकलेला.

ही लाईन पडवीतून तुळशीजवळच्या दिव्याला आणि पुढे गेटच्या खांबाला जाते. पडवीतला जोड सोडवून दोन्हीकडे मेगर लावला, दोष पुढच्या बाजूला निघाला. गेटच्या चिऱ्याच्या खांबात लोखंडी बॉक्स आहे. झाकण काढलं तर तळाला पाणी, मुंग्यांनी आणलेली माती, आणि झाकणाच्या स्क्रूखाली काळी वायर चेंगरलेली. प्लास्टिक फाटून तांबं उघडं पडलेलं, त्यावर हिरवा गंज. बॉक्सला अर्थिंग व्यवस्थित होतं, म्हणून तर गळती पकडली गेली. कोरड्या दिवसांत गंजामुळे वायर आणि लोखंड नीट टेकत नसावेत; पावसाने ती कसर भरून काढली.

वायरचा तेवढा तुकडा बदलला, लोखंडी बॉक्सच्या जागी प्लास्टिकचा बसवला आणि वायर खालून ग्लँडमधून (वायर घट्ट धरून पाणी अडवणाऱ्या बुचातून) घेतली, वरून नाही. बाहेरच्या लाईनला मेनपासूनच वेगळी डबल पोल आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी) दिली, म्हणजे उद्या गेटपाशी पाणी शिरलं तर फ्रिज बंद पडणार नाही. सवयीने वायरमनने या लाईनचा न्यूट्रल पुन्हा घरातल्या जुन्या पट्टीवरच कसला. गेटचा दिवा लावताच नवी आरसीबीओ पडली: करंट तिच्यातून गेला, पण परतला जुन्या पट्टीवरून. त्याने माझ्याकडे पाहिलं, स्वतःशीच हसला आणि पेचकस घेऊन न्यूट्रल आरसीबीओच्या टर्मिनलमध्ये हलवला.