तुम्ही विचारलंत म्हणून: वळिवड्याशी माझे काय नाते?

दरवर्षी 1 नोव्हेंबरला मी शाळेतली आठ-दहा मुले घेऊन कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत जाते, तिथल्या पोलिश थडग्यांवरचे गवत काढते आणि दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या तिथे लावते. त्या दिवशी पोलंडमध्ये घरोघरची माणसे आपापल्या आप्तांच्या थडग्यांवर दिवे लावतात. इथल्या थडग्यांजवळ दिवा लावायला घरचे कोणी नाही, एवढेच माझे कारण असते. पण पालकांच्या सभेत, लग्नकार्यात, अगदी भाजी घेतानाही कोणी ना कोणी विचारतेच, ‘‘बाई, तुमचं ना पोलंडशी नातं, ना त्यांच्या धर्माशी. मग परक्या माणसांसाठी एवढी धडपड कशाला?’’ आजवर मी घाईघाईत काहीतरी सांगून वेळ निभावून नेत आले आहे. आता इतक्या जणांनी विचारले आहे, तर एकदा नीट उत्तर द्यायला हवे.

माझी आजी कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावची. तिच्या माहेरी चार म्हशी होत्या आणि ती दहा-अकरा वर्षांची असल्यापासून आपल्या आईबरोबर ‘क्यांपात’ दुधाचा रतीब घालायला जात असे. हा कॅम्प म्हणजे 1943 मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत वसलेली पोलिश निर्वासितांची छावणी होय. तिथे सुमारे पाच हजार माणसे राहत होती, आणि त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. आजीला आयुष्यभर लिहिता-वाचता आले नाही, परंतु वयाच्या ऐंशीव्या वर्षीही ती दुधाला मधूनच ‘मलेको’ म्हणायची. आम्हां नातवंडांना तो तिचा लहानपणीचा बोबडा शब्द वाटे. पोलिश भाषेत दुधाला ‘म्लेको’ म्हणतात हे मला कळले तेव्हा आजी जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि तिला त्या बायकांविषयी आणखी काही विचारायची संधी माझ्या हातून कायमची गेली होती. ती रुखरुख अजून आहे.

ही माणसे इथवर कशी आली, हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर स्वारी केली. 1940 च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली. 1941 मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर त्या पोलिश कैद्यांची सुटका झाली, पुरुष नव्या पोलिश सैन्यात गेले आणि बायकामुले 1942 मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. तिथून काही जण भारतात आले. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोरक्या मुलांना आसरा दिला, आणि आया, आज्या, भावंडे अशी कुटुंबे वळिवड्याला आली. भारतातली ती सर्वांत मोठी पोलिश वसाहत होती.

आपल्याकडे याविषयी बोलताना ‘कोल्हापूरने त्यांना पोसले’ असे अभिमानाने म्हणतात. हे मला दुरुस्त करावेसे वाटते. संस्थानाने जागा दिली, पण छावणीचा खर्च लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार उचलत होते. वळिवड्याच्या माणसांनी जे दिले ते वेगळे होते, आणि माझ्या दृष्टीने ते अधिक मोलाचे होते. त्यांनी शेजार दिला. दूध, भाजी, अंडी, सरपण यांचा रोजचा व्यवहार सुरू झाला, त्यातून घासाघीस आली, घासाघिशीतून मराठी आकडे आले आणि आकड्यांच्या मागोमाग ओळखी आल्या. आजी सांगायची, ‘‘त्या बायका लई कष्टाळू. मातीत हात घालायला लाजायच्या न्हाईत. आईनं दुधात पानी घातलं तर लगीच वळखायच्या.’’ दुधातले पाणी ओळखणाऱ्या बाईला कोणी बिचारी समजत नाही. तिच्याशी बरोबरीनेच बोलावे लागते. छावणीत त्यांनी चर्च उभारले, मुलांसाठी शाळा चालवल्या, नाटके बसवली, दवाखाना चालवला. म्हणजे हातावर हात ठेवून कोणी बसले नाही.

युद्ध संपले तरी त्यांना घरी जाता आले नाही, कारण त्यांचे घर ज्या भागात होते तो भागच सोव्हिएत रशियात गेला होता. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी पोलंडला परतले, कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावण्यांत गेले. त्यांच्यातल्या मुलांनी म्हातारपणापर्यंत वळिवडे मनात जपले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला, 2017 मध्ये वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये त्यांच्यातले काही वृद्ध स्वतः वळिवड्याला येऊन गेले. त्या दिवशी गाव लोटले होते. मीही गर्दीत होते आणि मला रडू आवरले नाही.

पण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्या सोहळ्यात मिळाले नाही. ते मिळाले परतीच्या वाटेवर, गांधीनगरला.

पोलिश कुटुंबे गेली आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली, हे कोल्हापुरातल्या पुष्कळांना ठाऊक असते, पण ते सहसा एका वाक्यात सांगून संपते. फाळणीने सिंधमधून उखडलेली ही माणसे होती. पंजाब आणि बंगाल विभागले गेले तरी त्यांचा एकेक भाग भारतात राहिला. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला, त्यामुळे सिंधी हिंदूंना आपल्या भाषेचा प्रांतच उरला नाही. त्या छावणीचे पुढे गांधीनगर झाले. आज आसपासच्या जिल्ह्यांतले दुकानदार आणि लग्नघरे कापडखरेदीसाठी तिथे येतात. त्या संध्याकाळी मी ज्या दुकानात चादरी घ्यायला शिरले, तिथले म्हातारे काका गादीवर बसून गावातल्या सोहळ्याच्या गोष्टी ऐकत होते. त्यांनी मला पाणी दिले आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, त्याच बराकीत माझा जन्म झाला. माझे वडील पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव फिरले. गुऱ्हाळं संपली की शेतकरी पैसे द्यायचे, तोवर सगळा धंदा उधारीचा. आम्हांला कधी कुणी विचारलं नाही, कसे आलात म्हणून.’’

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते मला फार लागले. जे निघून गेले त्यांच्यासाठी आपण स्तंभापाशी फुले वाहतो. जे राहिले, ज्यांनी इथल्या शेतकऱ्याला वर्ष वर्ष उधार कापड दिले, इथे कर भरले, इथेच देह ठेवले, त्यांना पंचाहत्तर वर्षांनंतरही आपण ‘ते क्यांपातले’ म्हणतो. निर्वासितांचा गौरव करायचा तर दूर गेलेल्यांपुरता तो थांबवणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून तीन वर्षांपासून मी मुलांना चेटीचंडलाही गांधीनगरला नेते. हा सिंधी नववर्षाचा सण आपल्या पाडव्याला लागूनच येतो, त्यामुळे मुलांना तो परका वाटत नाही. सिंधी लोकांचे दैवत झूलेलाल, त्याची मिरवणूक निघते, ‘आयोलाल झूलेलाल’चा गजर होतो आणि ताहिरी म्हणजे गोड केशरी भात द्रोणातून वाटतात. पहिल्या वर्षी दोन पालकांनी मुले पाठवली नव्हती. या वर्षी त्यांच्यातल्या एक आई स्वतः आल्या होत्या आणि त्यांनी ताहिरीची कृती लिहून घेतली.

आता इथे निर्वासित आहेतच कुठे, हा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. आहेत. हिवाळ्यात महाराष्ट्राच्या शहरांत स्वेटर विकणारी तिबेटी कुटुंबे येतात, त्यांच्याशी आपण भावावरून हुज्जत घालतो, पण ती कुठून येतात हे विचारत नाही. कर्नाटकात मुंडगोडला त्यांची मोठी वसाहत आहे, आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे नागरिकत्व नसते. नोंदणीचे प्रमाणपत्र असते आणि ते मुदतीनुसार नव्याने करून घ्यावे लागते. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावरही आपली सही नाही. त्यामुळे खोली भाड्याने मिळणे, मुलाला शाळेत घेतले जाणे, आजारपणात कोणी सोबत येणे या गोष्टी पुष्कळदा शेजारच्या माणसावर अवलंबून राहतात. मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत दोन महिन्यांसाठी एक तिबेटी जोडपे राहिले. घरमालकांना त्यांची कागदपत्रे समजेनात, तेव्हा मी बसून ती समजावून दिली. यात अर्धा तास गेला, आणि दुसरे काही करावे लागले नाही.

मुलांच्या वहीत मी एक पान राखून ठेवायला सांगितले आहे. त्यावर आधी ‘दूध’ आणि ‘म्लेको’ असे दोनच शब्द होते. चेटीचंडच्या दिवशी दुकानातल्या काकांनी त्याखाली ‘खीरु’ लिहून दिले आणि सिंधीत तो शब्द कसा म्हणतात ते मुलांकडून तीनदा घोकून घेतले. मग सातवीतल्या एका मुलीने मला न सांगता स्वेटरच्या दुकानात जाऊन त्या तिबेटी ताईंना विचारले. आता तिच्या वहीत चौथा शब्द आहे: ‘ओमा’.