देवानं निवडलं, असं म्हणायचं कोणी?

घर वसईला, नोकरी चर्चगेटला, आणि धाकटा भाऊ फादर. त्यामुळे एक प्रश्न मला ऑफिसातही येतो आणि लोकलमध्येही. "देवानं मला निवडलं असं जो म्हणतो, तो नम्र कसा? याहून मोठा अहंकार कुठला?" तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे, तो स्वतः असं म्हणत नाही. त्याला म्हणूच देत नाहीत.

आत ओढ वाटते, तिला आम्ही पाचारण म्हणतो. पण ती ओढ खरी की मनाचे खेळ, हे ठरवण्याचा अधिकार ज्याला ती वाटते त्याचा नसतो. भाऊ नऊ वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, होता. नऊ वर्षं दुसऱ्यांनी त्याला पारखलं. शेवटी एका रविवारी आमच्या चर्चमध्ये मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या वेळी त्याचं नाव वाचलं गेलं: याच्या गुरुदीक्षेला, म्हणजे फादर होण्याला, कोणाची हरकत असेल तर कळवावं. लग्नाआधी नावं पुकारतात ना, तसंच. ज्यांच्या वाडीतले चिकू त्यानं लहानपणी पळवले होते, ते सगळे तिथंच बसले होते. आईनं मान वर केली नाही.

दीक्षेच्या दिवशी नाव पुकारलं, तेव्हा त्यानं फक्त "हजर आहे" म्हटलं. मग बिशपांनी, म्हणजे फादरांच्या वरच्या धर्मप्रमुखांनी, विचारलं, हा लायक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? प्रश्न त्याला नव्हताच. सेमिनरीच्या फादरांनी उत्तर दिलं, की लोकांकडे आणि जबाबदार व्यक्तींकडे चौकशी केली आहे, लायक आढळला आहे. भाऊ गप्प उभा होता. स्वतःच्या लायकीबद्दल एक शब्द बोलायची त्याला जागाच नव्हती.

नंतर तो वेदीपुढे पालथा पडला. कपाळ थेट फरशीला. आम्ही सगळे गुडघ्यावर, संतांची लितानी चालू, एकेका संताचं नाव आणि "आम्हांसाठी विनंती कर". मी दुसऱ्या बाकावर होते, मला त्याचे फक्त तळवे दिसत होते. नव्या बुटाच्या तळाला किमतीचं स्टिकर तसंच राहिलं होतं. दीक्षा म्हटलं की मला अजून तेच आठवतं. मग बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, एक अक्षर न बोलता. त्यांच्यामागून आलेल्या एकेका फादरनंही तसेच ठेवले. एवढं मोठं चर्च भरलेलं, पण पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

हा मान कोणी आपणहून घेत नाही, यहुद्यांचा पहिला प्रमुख याजक, म्हणजे धर्मगुरू, अहरोन याच्यासारखं देवानं बोलावलं तरच मिळतो, असं बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या 5व्या अध्यायात आहे. उदाहरण अहरोनाचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवाला सोडून लोकांनी पुजलं ते सोन्याचं वासरू घडवणारा तोच! त्याच अध्यायात असंही आहे, की याजक स्वतः दुबळा असतो म्हणून चुकणाऱ्यांशी सौम्यपणे वागू शकतो, आणि लोकांच्या पापांसाठी अर्पण करताना त्याला स्वतःच्या पापांसाठीही करावं लागतं. म्हणजे निवड झाली ती गुणवत्ता यादी लावून नव्हे. भाऊसुद्धा पापनिवेदनाला दुसऱ्या फादरकडे जातो, गुडघे टेकतो.

संत ऑगस्टीनची गोष्ट सांगायलाच हवी. सन 391 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या चर्चमध्ये लोकांनी त्यांना अक्षरशः धरून बिशपांपुढे नेलं, यांनाच दीक्षा द्या म्हणून. ऑगस्टीन रडू लागले. काहींना वाटलं, नुसतं धर्मगुरूपद मिळतंय म्हणून वाईट वाटलं असेल. ते समजूत काढू लागले, की बिशपपदही आता फार लांब नाही! ऑगस्टीन मात्र रडत होते ते माथी येणाऱ्या ओझ्याच्या भीतीनं.

आता, फादर झाल्यावर ताठणारे नसतात का? असतात. खुर्ची पहिली, हार पहिला, बोलणं वरच्या पट्टीत. असे मीही पाहिलेत आणि मला त्यांचा राग येतो. त्यांना हार घालणारे आपणच असतो, हेही खरं. देवाची कृपा त्या माणसाच्या चांगुलपणावर अडून राहत नाही, असं आमची श्रद्धा सांगते. त्यानं दिलेला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून आम्ही घेतो ती भाकर, खराच असतो. पण म्हणून तो माणूस इतरांहून पवित्र ठरत नाही. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले, ते फादर नव्हतेच. फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर होते, गुरुदीक्षा न घेतलेले, साधे.

दीक्षेत भावाच्या तळहातांना पवित्र तेल लावलं. ते पुसलेलं फडकं त्यानं आईला दिलं, तिनं ते लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवलंय. चारचौघांत ती त्याला "फादर" म्हणते. पण घरून निघताना तो उंबऱ्यात थांबतो, डोकं वाकवतो, आणि ती अंगठ्यानं त्याच्या कपाळावर क्रूस काढते. लहानपणी शाळेत जाताना काढायची, तसाच.