तुम्ही विचारलंत म्हणून: बो पडत कसा नाही?

"ताई, तुमचा बो पडत कसा नाही?" परभणीत केक करते म्हटलं की किमतीच्याही आधी हाच प्रश्न येतो. बो म्हणजे केकवर लावतात ती साखरेची, रिबिनीच्या फुलासारखी गाठ. खरं सांगू का, पडायचा. पहिल्या वर्षी लई पडायचा. मी केकच्याच दिवशी बो करायला बसायचे, तिथंच चुकायचं. बो दोन दिवस आधी करून वाळवावा लागतो.

नुसता फाँडंट म्हणजे साखरेची मळलेली कणीकच. तो मऊ राहावा म्हणून त्यात ग्लिसरीन असतं, मग त्याची पाकळी उभी राहणार कशी? पाव किलो फाँडंटमध्ये चहाचा एक चमचा सीएमसी पावडर (फाँडंट कडक वाळवणारी खायची पावडर) मळून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तासभर ठेवते. (शाकाहारी घरची ऑर्डर असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या, काही फाँडंटमध्ये जिलेटिन असतं.) मग पोळपाटावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून दोन-तीन मिलिमीटर जाड लाटायचा. त्याहून पातळ लाटला तर दिसतो छान अन् मोडतोही छान. सुरीने पट्ट्या कापायच्या. कडेला झालर हवी असेल तर करंजीची फिरकी आहेच. पट्टी दुमडायची, टोकं चिमटायची, पोटात टिश्यूची गुंडाळी घालून कुशीवर वाळत ठेवायची. दोन पाकळ्या आणि मधली गाठ, झालं. खाली सोडायच्या रिबिनी मात्र वाळवत नाही. त्या ओल्याच केकवर लावल्या की हवं तसं वळण घेतात. चिकटवायला पाण्याचं बोट पुरे. जास्त पाणी झालं तर साखर विरघळते आणि सगळं घसरतं.

एवढं व्हिडिओतही सांगतात. आपल्या हवेचं कोणी सांगत नाही.

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं असतो, हवा कोरडी ठण्ण. पट्टी वळेपर्यंत तिला काळ्या रानासारख्या भेगा पडतात. म्हणून तेवढाच गोळा बाहेर काढायचा, बाकीचा झाकून ठेवायचा, हाताला जरासं वनस्पती तूप लावायचं. आणि कूलरच्या खोलीत बो वाळवू नका! कूलर पाण्याची दमट हवा फेकतो. मी एकदा रात्रभर त्याच्यासमोर पाकळ्या ठेवल्या होत्या, सकाळी कानवल्याच्या ओल्या पारीसारख्या लोळत होत्या.

श्रावणात उलटं. तीन दिवस झाले तरी पाकळी वाकते. त्यात जिंतूरच्या एका बारशाच्या केकवर बो लावून मी तो फ्रीजमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटला आणि पोचेपर्यंत त्याने मान टाकली. आमच्याकडं बहुतेकांना व्हिप क्रीमचाच केक लागतो आणि क्रीमच्या ओलीने फाँडंट पाझरतोच. आता बो वेगळ्या डब्यात देते, केक कापायच्या आधी तुम्ही ठेवा म्हणते. लोकांना ते आवडत नाही. मी ऐकत नाही.

खायचं म्हणाल तर बो कोणी खात नाही, दात लागत नाही इतका कडक असतो. एका आजींनी तो उचलून नातीच्या बोरन्हाणातल्या हलव्याच्या हाराशेजारी शोकेसमध्ये मांडला होता. दोन्ही साखरेचेच, म्हणाल्या, एका जागी राहू द्या. पुढच्या ऑर्डरच्या वेळी विचारलं, तर हार तसाच होता, बोवर मात्र मुंग्या चढल्या होत्या.